वाचक विचारतात: उजेड, पाण्याची ओढ आणि प्रवाळाचा आकार

खाऱ्या पाण्याच्या टँकविषयी या वेळी आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: लाइट विचार करून, चांगले पैसे मोजून घेतलेला असतो, आणि पंप उरलेल्या पैशांत. म्हणून हे सदर पूर्ण याच जोडीला दिलं आहे: उजेड आणि पाण्याची ओढ, म्हणजे टँकमधला पाण्याचा प्रवाह. टँकमधल्या प्रवाळांबद्दल इथे जे सांगितलं आहे ते झुआंथिड, मशरूम, लेदर, झेनिया यांच्यापुरतं, म्हणजे या छंदात सरसकट ज्यांना मऊ प्रवाळ म्हणतात त्यांच्यापुरतं आहे. दगडी सांगाड्याच्या प्रवाळांबाबत कायदा काय म्हणतो ते मालवणच्या प्रश्नाखाली वाचा.

टँक 90 × 45 × 45 सेंटिमीटरचा आहे. एकच एलईडी लाइट मधोमध टांगला आहे. कडेला ठेवलेलं टोडस्टूल लेदर उंच आणि बारीक होत गेलं, देठ लाइटच्या बाजूला वाकला. झुआंथिडचेही देठ लांबले आहेत. लाइट दुप्पट करू का? — एक वाचक, देवगड

दुप्पट नको. माडाच्या गर्द सावलीत रुजलेलं रोप जसं लांबट, कोवळं होऊन उजेडाकडे कलतं, तसंच हे आहे. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवालं राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करून अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. उजेड कमी पडला की प्रवाळ शरीर ताणून उजेडाजवळ जाऊ पाहतो. रंग तपकिरी होत गेला असेल तर तेही त्याच कारणाने होतं: कमी उजेडात शैवालं आपलं रंगद्रव्य वाढवतात.

तुमच्या बाबतीत लाइट कमजोर आहे असं वाटत नाही, तो एका जागी एकवटला आहे. मधोमध टांगलेल्या एका लाइटखाली मध्यभागी भरपूर उजेड आणि दोन्ही टोकांना त्याच्या पाव हिस्साही नाही, हे तीन फुटी टँकमध्ये नेहमी दिसतं. लाइट दुप्पट केलात तर मधलं प्रवाळ भाजेल आणि कडेचं उपाशीच राहील. आधी लाइट पाण्यापासून 20 सेंटिमीटरवर असेल तर 30 ते 35 वर न्या. मध्ये थोडा उतरेल, कडेला पसरेल. पुढे खर्च करायचाच झाला तर जास्त वॅटचा एक घेण्यापेक्षा मध्यम ताकदीचे दोन घ्या.

उजेड मोजण्याचं माप पीएआर, म्हणजे शैवालांना वापरता येईल असा प्रकाश. एकक मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. मशरूमला 30 ते 80 पुरतो, झुआंथिडला 60 ते 150, टोडस्टूल आणि सिन्युलेरिया या लेदरना 80 ते 150. मीटर महाग असतो, पण तो रोज लागत नाही. चार-पाच टँकवाल्यांनी मिळून एक घ्या किंवा दुकानातून एका दिवसासाठी भाड्याने आणा. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप निळ्या एलईडीखाली चुकीचा आकडा दाखवतं, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी केलेलं माप आहे आणि आपला डोळा निळ्याला कमी प्रतिसाद देतो. ते ॲप वापरायचंच असेल तर फक्त ‘या कोपऱ्यापेक्षा त्या कोपऱ्यात किती कमी’ एवढी तुलना करायला वापरा.

उजेड वाढवताना तास आणि तीव्रता एकाच वेळी वाढवू नका. आधी तास आठवर आणा, दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास या हिशेबाने. तिथे आठवडाभर थांबा. मग तीव्रता दर आठवड्याला पाच टक्क्यांनी. झुआंथिड सलग दोन दिवस मिटलेले राहिले किंवा रंग फिका पडला तर एक पायरी मागे या. एकूण काळ नऊ-दहा तासांपलीकडे नेऊन फायदा नाही, त्याने काचेवरचं शेवाळ तेवढं वाढतं. आणि एक साधी गोष्ट जी सर्रास राहून जाते: लाइटच्या भिंगांवर मिठाचा पांढरा थर बसतो. आठवड्यातून एकदा लाइट बंद करून, गार झाल्यावर, ओल्या फडक्याने तो पुसा. पुष्कळदा लाइट अशक्त झालेला नसतो, तो मिठाखाली झाकलेला असतो.

वाकलेला देठ सरळ होणार नाही, नवी वाढ सरळ येईल. फारच बेढब वाटत असेल तर टोपी कापून वेगळी लावता येते आणि उरलेल्या खुंटाला नवी टोपी फुटते. टँकचंच पाणी घेतलेल्या वेगळ्या भांड्यात, हातमोजे घालून, नव्या ब्लेडने एका झटक्यात काप द्या. टोपी खडबडीत टाइलच्या तुकड्यावर रबरबँडने सैलसर बांधा. सुपरग्लू नको, कारण लेदर चिकट स्राव सोडतं आणि ग्लू सुटून येतो. कापल्यानंतर टँकमध्ये आठवडाभर ॲक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवा.

नवा 120 वॅटचा लाइट बसवला आणि चौथ्या दिवशी झुआंथिड मिटले, लेदर पांढरट पडू लागलं. टँक चार फुटी, वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) एक, त्यावर 2000 लिटर प्रतितास असं लिहिलं आहे. एक जण म्हणतो लाइट जास्त झाला, दुसरा म्हणतो फॉस्फेट शून्यावर गेलंय. खरं काय? — एक वाचक, रत्नागिरी

दोघेही बरोबर असू शकतात, पण तिसरी गोष्ट कुणी बोललेली नाही: पाणी पुरेसं हलत नाही.

प्रवाळाच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. जाडी मिलिमीटरच्या काही भागापासून फार तर दोन-तीन मिलिमीटरपर्यंत. प्रवाळाला जे घ्यायचं आणि जे टाकायचं ते सगळं याच थरातून. दिवसा शैवालं ऑक्सिजन सोडतात. पाणी संथ असेल तर थर जाड राहतो, ऑक्सिजन बाहेर पडत नाही आणि प्रवाळाच्या पृष्ठभागापाशी तो संपृक्तीच्या, म्हणजे पाण्यात एरवी मावतो त्या प्रमाणाच्या, दुपटीवर जातो. हा जास्तीचा ऑक्सिजन पेशींना अपायकारक असतो. त्यातून घातक रसायनं बनतात, प्रकाशसंश्लेषण मंदावतं आणि शेवटी प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो. तेच ते पांढरं पडणं. रात्री उलट होतं: प्रकाशसंश्लेषण बंद, श्वसन चालू, आणि त्याच थरात ऑक्सिजन जवळपास संपतो.

म्हणून उजेड वाढवला की ओढही वाढवायला हवी. दोन्हींकडे एकाच गोष्टीची दोन टोकं म्हणून बघा. तोच लाइट, तीच तीव्रता, पण पाण्याला ओढ चांगली असेल तर प्रवाळ सोसतं. पाणी उभं असेल तर निम्म्या उजेडातही भाजतं. झेनिया आपले हात सतत उघडत-मिटत असतो, त्यामागेही हेच काम आहे: लगतचं पाणी ढकलून जास्तीचा ऑक्सिजन दूर करणं. बाकीच्या प्रवाळांसाठी ते काम पंपाने करायचं असतं.

तुमचा हिशेब पाहा. टँक 120 × 45 × 45 सेंटिमीटरचा धरला तर 243 लिटर, दगड-वाळू वजा जाता सुमारे 200. वेव्हमेकर 2000 लिटरचा, म्हणजे तासाला दहा पट. मऊ प्रवाळांसाठी ही अगदी खालची मर्यादा झाली. शिवाय खोक्यावरचा आकडा नव्या, स्वच्छ पंपाचा असतो. जाळीवर चुना आणि शेवाळ साचलं की तो बराच खाली येतो. तुम्हाला 3000 ते 4000 लिटर हवेत, तेही एकाऐवजी दोन पंपांतून.

आता करायचं काय? आजच लाइट 40 टक्क्यांवर आणा आणि सहा-सात तास ठेवा. वेव्हमेकर काढून साफ करा, दुसरा जोडा. फॉस्फेट आणि नायट्रेट ही शैवालांची पोषणद्रव्यं तपासा: फॉस्फेट 0.03 ते 0.1, नायट्रेट 5 ते 10 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत इतके भाग) आसपास असावं. फॉस्फेट खरंच शून्य दिसलं तर फॉस्फेट शोषणारा मीडिया काढून ठेवा आणि माशांचं खाणं थोडं वाढवा. प्रवाळाच्या जागा रोज बदलू नका. प्रत्येक नव्या जागेशी त्याला नव्याने जुळवून घ्यावं लागतं आणि तुम्हाला मात्र कशाने फरक पडला ते कळत नाही. पुढचे तीन आठवडे लाइट आहे तिथेच राहू द्या. रंग परतायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

एक खबरदारी. टोडस्टूल अधूनमधून मिटतं, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो आणि काही दिवसांनी तो सुटतो. हे नेहमीचं आहे, आजार नव्हे. पापुद्रा निघायलाही ओढच लागते. बोटाने खरवडू नका, पंप थोडा त्या बाजूला वळवा.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ओहोटीला प्रवाळ दिसतात ते गोळ्यांसारखे, नाहीतर चपटे. चित्रांत दिसतात तसे फांद्यांचे इथे का नाहीत? किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडा टँकमध्ये ठेवला तर चालेल का? — एक वाचक, मालवण

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: चालणार नाही. दगडी सांगाड्याचे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. वाघाला जे संरक्षण तेच यांना. जिवंत असो वा मेलेला, तुटलेला असो वा वाहून आलेला, तुकडा उचलणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. त्यात मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं, 29.12 चौरस किलोमीटरचं. टँकच्या सजावटीसाठी प्रवाळाचा मेलेला सांगाडा दाखवणाऱ्या दुकानदारालाही नाही म्हणा. सिरॅमिकचे दगड तेच काम करतात.

आता आकाराचं. दगडी प्रवाळ उजेडात अंधारापेक्षा साधारण तिप्पट वेगाने चुना साठवतात, त्यामुळे उजेड कुठून आणि किती येतो यावर त्यांची ठेवण ठरते. मालवणच्या किनाऱ्यालगत पाणी वर्षाचा बराच काळ गढूळ असतं, पावसाळ्यात तर खाड्यांचा गाळ उतरतो. उजेड कमी आणि वरून गाळाचा मारा, अशा ठिकाणी पोराइट्स, फॅव्हाइट्स, गोनिअ‍ॅस्ट्रिया यांच्यासारखे गोलाकार, संथ वाढणारे प्रवाळ तग धरतात. टर्बिनेरिया पसरट होतो, कारण कमी उजेडात आडवा पृष्ठभाग जास्त उजेड गोळा करतो. त्यातल्याच टर्बिनेरिया मेसेंटेरिना या जातीत हे फार स्पष्ट दिसतं: उथळ, लख्ख पाण्यात तिच्या पाकळ्या उभ्या आणि चुण्यांच्या असतात, खोलवर तीच जात ताटासारखी सपाट वाढते. आडव्या ताटावर गाळ बसतो ही त्याची किंमत, आणि तो धुऊन न्यायला पुन्हा पाण्याची ओढच लागते.

ओढीचाही ठसा आकारावर उमटतो. पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस या फांद्यांच्या प्रवाळाची वसाहत लाटांच्या माऱ्यात आखूड, जाड, दाट फांद्यांची होते. शांत पाण्यात त्याच जातीच्या फांद्या बारीक आणि एकमेकींपासून दूर राहतात, म्हणजे पाणी मधून आत शिरू शकतं.

लख्ख पाण्यातलं प्रवाळ महाराष्ट्राच्या समुद्रात नाही असं नाही. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. पाण्याखालचं हे पठार वरच्या भागात सुमारे 20 मीटर खोलीवर आहे. किनाऱ्यावरचा गाळ तिथवर पोहोचत नाही, आणि तिथलं प्रवाळ मालवणच्या खडकांवरल्या प्रवाळापेक्षा वेगळं दिसतं.

तीन फुटी टँक, दोन वेव्हमेकर घेतले आहेत. कुठे लावू? कंपनीच्या ॲपमध्ये सात-आठ मोड आहेत, त्यातला कुठला? मागच्या एका कोपऱ्यात लालसर चिकट थर येतो. — एक वाचक, अलिबाग

लालसर थर सायनोबॅक्टेरियाचा आहे आणि तो तुमच्या टँकचा नकाशाच सांगतोय: त्या कोपऱ्यात पाणी थांबतं, तिथे कचरा बसतो. तो पाइपने ओढून काढा, पण ओढ पोहोचवल्याशिवाय तो जाणार नाही.

एक पंप डाव्या काचेवर वरच्या बाजूला, पाण्याच्या पातळीखाली दहा सेंटिमीटरवर; दुसरा उजव्या काचेवर, मागच्या काचेजवळ आणि टँकच्या अर्ध्या उंचीवर. वरच्याचं तोंड किंचित वर करा, म्हणजे पृष्ठभाग सतत थरथरता राहील. दोघांचे झोत समोरच्या काचेच्या मध्यावर एकमेकांना छेदू देत. तिथे आदळून पाणी फुटतं आणि प्रवाळांना हवी तशी उलटसुलट ओढ मिळते. कुठल्याही प्रवाळावर थेट झोत नको, पंपाच्या तोंडापासून समोरचं प्रवाळ किमान 25 सेंटिमीटर दूर ठेवा. सतत एकाच बाजूने झोत लागला की त्या बाजूचे झुआंथिड मिटलेले राहतात. मिटलेल्या झुआंथिडला उजेड मिळत नाही, म्हणून तिथली वाढ थांबते आणि वसाहत पलीकडच्या बाजूलाच पसरते.

मोडच्या नावांत अडकू नका. दोन पंप आळीपाळीने चालतील असा मोड लावा. काही सेकंदांनी बदलणारा चालेल, तासांनी बदलणारा भरती-ओहोटीसारखाही चालेल. दिशा बदलत राहणं एवढंच महत्त्वाचं. ‘नाइट मोड’ मात्र सांभाळून वापरा. तो पंप जवळजवळ थांबवतो, आणि रात्रीच लगतच्या थरातला ऑक्सिजन संपतो हे वर सांगितलं आहे. रात्रीचा वेग दिवसाच्या निम्म्याखाली नको.

ओढ मोजायला उपकरण लागत नाही. माशांच्या खाण्याची चिमूटभर बारीक पूड टँकच्याच पाण्यात कालवून पंपासमोर सोडा आणि मोबाइलवर चित्रण करा. प्रवाळाजवळून जाणारा एक कण निवडा. समोरच्या काचेवर पट्टी धरली असेल तर तो 30 सेंटिमीटर किती सेकंदांत गेला ते कळतं. तीन सेकंद लागले तर वेग सेकंदाला 10 सेंटिमीटर. लेदर आणि झुआंथिडना पाच ते दहा हवेत, मशरूमला त्याहून कमी. कण मागच्या कोपऱ्यात गोल फिरून खाली बसले तर उजवा पंप थोडा तिकडे वळवा आणि पुन्हा पाहा. हे दर दोन-तीन महिन्यांनी करा, कारण प्रवाळ वाढले की तेच पाण्याची वाट अडवतात. सुरुवातीला नीट बसवलेला पंप वर्षाने चुकीच्या जागी असतो.

वाळूचे ढीग होत असतील तर खालच्या पंपाचं तोंड थोडं उचला. साफसफाईसाठी पंप सुटा करून, अर्धं पाणी आणि अर्धं पांढरं व्हिनेगर यांत अर्धा तास चालवा, जुन्या टूथब्रशने पंखा आणि जाळी घासा, गोड्या पाण्याने धुवा. संपमधून (टँकखालच्या गाळणीच्या टाकीतून) परत येणाऱ्या पाण्याची गणना ओढीत करू नका, ती नगण्य असते.

टँक पश्चिमेच्या खिडकीजवळ आहे, संध्याकाळी तासभर ऊन येतं. फायदा होईल का? — एक वाचक, गुहागर

फायद्यापेक्षा त्रास जास्त. उन्हाचा पीएआर भर दुपारी 2000 पर्यंत असतो. संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच्या तुलनेत मवाळ, तरी झुआंथिडला लागतो त्याच्या कितीतरी पट. ते एका बाजूच्या काचेतून येतं, ऋतूप्रमाणे सरकतं आणि टँक आधीच तापलेला असताना आणखी तापवतं. जाड पडदा लावा.

मशरूम दगडावरून सुटून तरंगत फिरतं. ग्लूने चिकटत नाही. — एक वाचक, श्रीवर्धन

त्याला ओढ जास्त झाली किंवा उजेड जास्त, म्हणून त्याने स्वतःच जागा सोडली. वाटीत टाइलचा चुरा घ्या, मशरूम त्यावर ठेवा, वरून मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने ताणा आणि वाटी टँकच्या तळाशी, सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. एक-दोन आठवड्यांत ते एखाद्या तुकड्याला धरतं. तो तुकडा दगडाला ग्लूने चिकटवा. जागा 50 पीएआरच्या आसपासची आणि झोतापासून आडोशाची निवडा. सूर्यफुलासारखं पसरलं तर जमलं. कडा आत वळून कप झाला तर अजून खाली न्या.

दगडावरून झुआंथिड काढताना मात्र वेगळी काळजी घ्या. काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असतं. हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर काम दुसऱ्यावर सोपवा, आणि झुआंथिड असलेला दगड कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने धुऊ नका. वाफेतून विष श्वासात जाऊन माणसं इस्पितळात पोहोचली आहेत.

मे महिन्यात पाणी 30 अंशांवर जातं आणि पाऊस सुरू झाला की वीज तासन्‌तास जाते. इन्व्हर्टरवर आधी काय ठेवू? — एक वाचक, वेंगुर्ला

आधी वेव्हमेकर. लाइट नसला तर प्रवाळ दोन-तीन दिवस सहज काढतं. पाणी थांबलं तर एकाच रात्रीत मासे आणि प्रवाळ दोन्ही जातात. गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे उन्हाळ्यातली वीज जाणं जास्त धोक्याचं.

हिशेब असा. 12 व्होल्ट, 150 एएच बॅटरीत 1800 वॅट-तास असतात, त्यातले निम्मे वापरायचे म्हणजे 900. वेव्हमेकर दहा वॅटचा, पण घरचा इन्व्हर्टर चालू राहण्यासाठी स्वतःच 20 वॅटच्या आसपास खातो. एकूण 30 वॅट, म्हणजे साधारण 30 तास. त्याच इन्व्हर्टरवर पंखा आणि टीव्ही असेल तर हे गणित कोलमडतं. म्हणून यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप आणि पॉवर बँक हाताशी ठेवा. 20,000 एमएएचची बँक तो रात्रभर आरामात चालवते. काहीच नसेल तर मगाने पाणी उचलून फूटभर उंचीवरून पुन्हा टँकमध्ये ओता, दर 15-20 मिनिटांनी, पाच-सहा मग.

तापमान 29 च्या वर गेलं की लाइटची तीव्रता 20 ते 30 टक्क्यांनी उतरवा आणि दोन्ही वेव्हमेकर पूर्ण वेगाने चालवा. उष्णता आणि उजेड मिळून प्रवाळाला पांढरं पाडतात, ओढ त्याला सावरते. संपवर पंखा लावला तर कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. आपल्याकडे मेअखेरीला हवा इतकी दमट असते की बाष्पीभवन मंदावतं आणि पंख्याचा उपयोग निम्म्यावर येतो. तिथून पुढे चिलरच. पंखा चालू असताना रोज उडणारं पाणी आरओच्या गोड्या पाण्याने भरा. खाऱ्या पाण्याने भरलंत तर खारेपणा चढत जाईल, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.025 वर राहायला हवं.

समुद्राचं पाणी आणून वापरत असाल तर ते पहिल्या पावसाआधीच भरून, झाकून ठेवा. पाऊस लागल्यावर खाडीच्या तोंडाजवळचं पाणी निवळायला आणि पुरेसं खारं व्हायला दिवाळी येते. तोवर पाणी बदलायचं झालं तर पाकिटातलं मीठ आरओच्या पाण्यात कालवून, पंप लावून 24 तास फिरवून मगच टँकमध्ये घाला.